गच्चीवर वाळवलेला खाडीचा गाळ

युनूस, गेल्या महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बारामतीच्या रुग्णालयात तुझा मृत्यू झाला. कारण हृदयविकार. त्याच दिवशी दुपारच्या नमाजानंतर पणदऱ्यात दफन झाले. मी हजर होतो.

एवढे आमच्या वर्तमानपत्रात छापून आले. बाकीचे छापलेले नाही. त्यातला एक भाग तुला कधी कळला नाही आणि दुसरा तू गेल्यानंतर घडला, म्हणून दोन्ही तुलाच सांगतो.

कबरीच्या कडेला मी तुझ्या भावाशेजारी, रशीदभाईंशेजारी उभा होतो. खणलेल्या भिंतीत वर दोन हात काळी माती होती, खाली मुरूम, आणि मधे चुनखडीच्या पांढऱ्या खड्यांचा पट्टा. मी तो पट्टा बघत होतो. रशीदभाईही तिकडेच बघत होते. “युनूस असता तर ह्यातली डबी भरून घेतली असती त्यानं,” ते हळू आवाजात म्हणाले. मग सगळ्यांबरोबर मी तीन मुठी माती टाकली.

तुझे काम लोकांना समजावताना मी वर्षानुवर्षे एकच वाक्य वापरले: चिखलातून जुना समुद्रकिनारा शोधणारा माणूस. तुला ते आवडत नसे. “किनारा न्हाय, किनाऱ्यावर काय उगवत होतं ते,” तू म्हणायचास. “आणि शोधत न्हाय. मोजतो.”

ते मोजणे असे होते. खाडीच्या मुखाशी नदीचा गाळ थरावर थर बसतो. आसपासच्या झाडांचे परागकण वाऱ्याने, पाण्याने त्यात येऊन पडतात. कणाचे कवच इतके चिवट असते की बाकी सारे कुजून जाते आणि ते हजारो वर्षे टिकते. तू खाडीत पोकळ नळी रोवायचास आणि गाळाचा लांबच लांब गज वर काढायचास. प्रत्येक थरातला चिमूटभर गाळ आम्लात उकळायचा, उरलेले कण काचपट्टीवर घ्यायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ओळखून मोजायचे. तिवरांचे, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांचे कण जास्त निघाले तर त्या काळी भरतीचे पाणी तिथवर येत होते. गवताचे जास्त निघाले तर जमीन कोरडी होती. एका काचपट्टीवर तीनशे कण मोजून होईपर्यंत तू तोंड उघडायचा नाहीस. चहा गार व्हायचा.

पणदऱ्याच्या माणसाने हे काम निवडले, याचे कोडे पणदऱ्याला शेवटपर्यंत सुटले नाही. रशीदभाईंच्या पत्नी जमीलाभाभी तुझ्या तोंडावर म्हणायच्या, “चिखलच बगायचा तर आपल्या नीरेच्या काठाला काय कमी हाय? डिझेल जाळून कोकणात कशाला जातोस?” त्यावर तू गंभीरपणे सांगायचास की नीरेच्या चिखलात उसाशिवाय काही सापडणार नाही. “मग बरंच की,” भाभी म्हणायच्या, “लवकर मोजून हुईल.”

मी तुझ्याबरोबर खाडीवर एकदाच आलो. वर्तमानपत्रासाठी लिहायचे होते. रघुभाऊ नावाच्या होडीवाल्याने आपल्याला ओहोटीच्या वेळी खाजणात नेले. खाजण म्हणजे खाडीकाठची भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन. सगळीकडे तिवरे, त्यांची मुळे चिखलातून वर आलेली. तू गुडघाभर चिखलात उभा राहून नळी दाबत होतास. मला एक टोक धरायला सांगितलेस आणि दहा मिनिटांत तीनदा ओरडलास. “अरे, वाकडं धरू नगंस. हजार वर्षं तिरकी व्हतील.”

परतताना घाटात आपला वाद सुरू झाला, तो नेहमीचाच होता. मी म्हणालो, वाचकाला ठाम वाक्य लागते. तू म्हणालास, खाडीत ठाम वाक्य नसते. मी म्हणालो, मग वाचू नये त्याने. तू खिडकीबाहेर बघत बोललास, “तुमची चूक दुसऱ्या दिवशी रद्दीत जाती. माझी चूक पुढचा माणूस पाया म्हणून वापरतो.” मला ते वाक्य आवडले. मी ते वहीत टिपून घेतले. अर्थ तेव्हा नीट घेतला नाही.

त्या दिवशी काढलेला गज उभा चिरून त्याचे दोन भाग केले गेले. एक अर्धा भाग न उघडता, गुंडाळून, पुण्यातल्या एका संस्थेच्या शीतकपाटात ठेवला. ही तुझ्या धंद्यातली पद्धत: अर्धे वापरायचे, अर्धे पुढच्या माणसासाठी राखायचे. दुसरा अर्धा तू बारामतीला आणलास. निवृत्त झाला होतास, पण महाविद्यालयाने प्रयोगशाळेची किल्ली परत मागितली नव्हती. तळाकडचे नमुने तू तिथल्या ओव्हनमध्ये वाळवलेस. मग ओव्हन बंद पडले. दुरुस्तीचा माणूस दिवाळीनंतर येतो म्हणाला आणि दिवाळीनंतरही तीन आठवडे आला नाही.

तू थांबला नाहीस. पणदऱ्याच्या घरी गच्चीवर गाळ वाळत घातलास. ताटे मांडलीस, प्रत्येक ताटात खडूने क्रमांक घातलेल्या बश्या, वरून भाभींची जुनी मलमलची ओढणी, चार कोपऱ्यांना चार विटा. तुमच्या घरात उन्हाळ्यात कुरडया अशाच वाळतात. लहानपणापासून तू राखणीला बसलेला होतास. आमच्या घरातही तसेच. त्यामुळे मी त्या आठवड्यात गच्चीवर येऊन ती ताटे पाहिली, तेव्हा मलाही त्यात काही वावगे दिसले नाही. वस्तू वाळवायची तर अशीच वाळवतात.

भाभी जिन्यातून वर आल्या आणि म्हणाल्या, “युनूसभाई, ह्ये खाली न्हेऊन ठेव. कुणीतरी कुरडया समजून तळंल.”

“तळू द्या,” तू म्हणालास. “खारट लागंल जरा.”

मग त्यांनी ओढणीचे टोक उचलून उजेडात धरले. “सकाळी पांढरी घातलीवती. आता पिवळी दिसतीया बग.”

“धूळ हाय, भाभी.”

धूळच होती. महिना नोव्हेंबरचा होता. गच्चीपासून हाकेच्या अंतरावर रशीदभाईंचा उसाचा फड होता आणि त्याला तुरा आला होता. पणदऱ्यापासून लासुर्ण्यापर्यंत सगळ्या फडांवर तेव्हा तुरे होते. ऊस हे गवतच आहे, हे तू वर्गात पहिल्या तासाला सांगत असायचास.

ओव्हन दुरुस्त झाले. राहिलेले वरच्या थरांचे नमुने तू त्यातच वाळवलेस. मोजणी पूर्ण व्हायला पुढचा उन्हाळा आला. निष्कर्ष असा होता: तळाच्या थरांत तिवरे, वरच्या थरांत तिवरे, आणि मधल्या थरांत गवत. म्हणजे मधल्या काळात समुद्र मागे हटला असावा आणि खाजणात गवत वाढले असावे. तू मला दीड पान टिपण दिलेस. त्यावर स्वतःच मथळा सुचवला होतास: ‘तिवरांच्या जागी गवताचे माळ असण्याची शक्यता’.

बातमी पहिल्या पानावर आली. मथळा होता: ‘तिवरांच्या जागी होते गवताचे माळ’.

तू सकाळीच फोन केलास. “शक्यता कुठं गेली रे?”

“डेस्कने काढली.”

“डेस्क म्हंजे कोण?”

“असतात माणसं.”

तू हसलास आणि म्हणालास, त्या माणसांना पणदऱ्याला पाठव, तीनशे कण मोजायला बसवतो.

आदल्या संध्याकाळी डेस्कवर मी एकटा होतो. मथळा दोन कॉलमात बसत नव्हता, म्हणून शेवटचे दोन शब्द काढून मी ‘होते’ घातले. मग मथळ्याशी जुळावे म्हणून पहिल्या परिच्छेदातले ‘असावे’ काढून ‘होते’ केले. हे मी तुला सांगितले नाही. कोणालाच सांगितले नव्हते.

पुढचे काही महिने त्या बातमीचे कोणी नाव घेतले नाही. गेल्या ऑक्टोबरमध्ये रघुभाऊचा तुला फोन आला. तू तो स्पीकरवर टाकलास, कारण मी समोर बसलो होतो.

“सर, बातमी तुमचीच ना ओ? ती प्लॅस्टिकात घालून गावभर फिरवतायत.”

“कोण फिरवतंय?”

“कोलंबीची तळी करायचीत ना त्यांना खाजणात. तिवरं काढायला परवानगी मागायचा ठराव आणणार, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला. म्हणतात, शास्त्रज्ञानंच लिहिलंय, इथं मुळात गवत होतं. तिवरं नंतरची. गेली तरी बिघडत नाही.”

“मी असं लिहिलं न्हाय,” तू म्हणालास.

“पेपरात तर आहे, सर.”

मी चहाचा कप खाली ठेवला. तू माझ्याकडे बघितलेसही नाहीस. तुला माझा संशय नव्हता.

त्या दिवसापासून तू स्वतःच्या वह्या पुन्हा वाचायला घेतल्यास. मोजणीची वही एका बाजूला, नमुने कधी वाळवले त्याची वही दुसऱ्या बाजूला. नोव्हेंबरच्या शेवटी तू मला पणदऱ्याला बोलावलेस. सूक्ष्मदर्शक खिडकीशी मांडला होतास. उसाला पुन्हा तुरा आला होता.

“बघ.”

मी पाहिले. गोल कण, त्याला एकच छिद्र, छिद्राभोवती कडे.

“ह्यो खाडीतला. मधल्या थरातला.” तू काचपट्टी बदललीस. “आता ह्यो.”

गोल कण, एकच छिद्र, कडे.

“ह्यो आपल्या गच्चीवरचा. पट्टीला व्हॅसलीन लावून काल दुपारी ठेवली व्हती.”

“फरक काय?”

“मला दिसत न्हाय. तुला दिसला तर सांग.”

मग तू दोन्ही वह्या पुढे केल्यास. गवताचे कण ज्या नमुन्यापासून वाढले होते, त्याच नमुन्यासमोर दुसऱ्या वहीत तुझ्या अक्षरात नोंद होती: ओव्हन बंद, गच्ची. ज्या नमुन्यापाशी गवत संपले होते, तिथे: ओव्हन चालू.

“समुद्र काय आपल्या ओव्हनकडं बघून मागं सरतो?” तू म्हणालास. “उसात जन्माला आलो आणि उसाला ओळखलं न्हाय. खाडी खाडी करत पुस्तकं लिवायला निघालो व्हतो.”

तू चिडलेला नव्हतास. घाईत होतास. “छाप,” म्हणालास. “उद्याच छाप. युनूसचं चुकलं असावं.”

“असावं म्हणजे? चुकलं आहे की नाही?”

“मोजल्याशिवाय कसं सांगू? पुण्यात अर्धा भाग शिल्लक हाय. तिथल्या वैशालीला सांगितलंय. पण तिला आम्लाच्या खोलीत जागा मिळायला वेळ लागंल. सभा जानेवारीत हाय.”

“मग मोजणी होऊ दे. सिद्ध झालं की दुरुस्ती पहिल्या पानावर घेतो. शंका ही बातमी नसते, युनूस.”

“आणि मथळा सिद्ध झालेला व्हता?”

मी दोन्ही वह्या मिटून तुझ्याकडे सरकवल्या. तू आवाज चढवलास. भाभी दारात आल्या. तू म्हणालास, “तिकडं लोक कोयता घिऊन बसल्यात आणि ह्ये म्हंतात सिद्ध कर.” मी म्हणालो, वर्तमानपत्र असेच चालते. तू म्हणालास, “मग चालू दे तुमचं,” आणि काचपट्ट्या डब्यात भरायला लागलास.

त्यानंतर आपण बोललो नाही. तू फोन केला नाहीस, मीही केला नाही. तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी रशीदभाईंचा फोन आला.

तीस वर्षे तू आमचे वर्तमानपत्र लाल पेन घेऊन वाचलेस. कालवा डावा की उजवा, गाव बारामती तालुक्यातले की इंदापूरचे, पेरणी झाली की लागण. चूक दिसली की दहाच्या आत फोन. मी वैतागायचो. आज मोजून सांगू शकत नाही, पण माझ्या हातून जी काही अचूकता छापली गेली, तिच्यातला मोठा वाटा त्या लाल पेनाच्या भीतीचा आहे. एकदा तिवराचा कण मी स्वतः ओळखावा म्हणून तू वीस मिनिटे गप्प बसलास. मी दोनदा चुकलो, तू मान हलवलीस. तिसऱ्यांदा बरोबर आले, तेव्हा म्हणालास, “आता इसरणार न्हाईस.” मी विसरलेलो नाही. त्याबद्दल आभार मानायचे राहिले.

आता तू गेल्यानंतरचे.

चौथ्या दिवशी मी पणदऱ्याला गेलो आणि दोन्ही वह्या मागितल्या. रशीदभाईंनी विचारले, कशाला. मी सांगितले: युनूसची चूक होती, ती छापायची आहे.

ते म्हणाले, “मेलेल्या माणसाची चूक छापता तुमी? आमच्या अख्ख्या खानदानात पयला पीएचडी झाला तो. पोरं त्याचं नाव घेत्यात. आन् पेपरात काय येणार? युनूस चुकला?”

“त्याचीच इच्छा होती.”

“लिवून दिलीय का त्यानं?”

लिहून दिलेली नव्हती. मी तसे सांगितले.

“मग कुणाला ठावं? तुमी म्हंता म्हणून?”

तेव्हा मी त्यांना मथळ्याचे सांगितले. शब्द कोणी काढले, का काढले, तुला मी काय खोटे बोललो, सगळे. दुरुस्तीत आधी आमची चूक येईल, मग त्याची, असेही सांगितले. रशीदभाईंनी माझ्याकडे पाहिले आणि उठून बाहेर गेले. परत येणार नाहीत असे वाटले.

जमीलाभाभी आतून वह्या घेऊन आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातल्या होत्या. त्यांनी त्या माझ्या हातात लगेच दिल्या नाहीत.

“तुमच्या दोघांचं भांडान मी ऐकलंय,” त्या म्हणाल्या. “तुमी गेल्यावर जेवला न्हाय तो. मी म्हनलं, असूंदे, पेपरवाला हाय, जातीचा हट्टी. तर म्हनला, भाभी, माझं नाव गेलं तर गेलं, झाडं जायला नगंत.” मग पिशवी पुढे केली. “ह्यांचं मी बगते. तुमी न्ह्या. पर परत आनून द्या. त्याचं अक्षार हाय त्यात.”

वैशाली ही तुझी जुनी विद्यार्थिनी. लासुर्ण्याची. आता पुण्यातल्या त्या संस्थेत काम करते. मी तिला वह्या दाखवायला गेलो, तर तिने घ्यायला नकार दिला.

“वाचल्या तर मला कळेल कुठल्या थरात काय निघायला हवं. मग तेच दिसायला लागतं. तुमच्याकडंच ठेवा.”

तिने राखीव अर्धा भाग उघडला. वरचा पृष्ठभाग खरवडून टाकला, आतला गाळ घेतला, बंद खोलीत वाळवला. थरांचे क्रमांक सहकाऱ्याकडून झाकून घेतले. बाजूला एक कोरी काचपट्टी उघडी ठेवली, खोलीतल्या हवेत काय आहे ते कळावे म्हणून. मी रोज फोन करत होतो. चौथ्या दिवशी ती म्हणाली, “काका, सरांचा नियम माहीत आहे ना तुम्हाला? तीनशे झाल्याशिवाय बोलायचं नाही. अजून एकशे नव्वद झालेत. फोन ठेवा.”

मी ठेवला. तू असताना मी जे केले नाही, ते आता करायचे ठरवले होते. मोजणी पूर्ण होवो न होवो, सभेच्या आधी शंका छापायची. कोणाची शंका आणि कशावरून, हे सांगितले की शंका हीसुद्धा माहिती असते. आपल्या वादात तुझे बरोबर होते. हे मला तू असताना म्हणता आले असते. तीन आठवडे हातात होते.

मजकूर तयार करून मी संपादकांकडे गेलो. त्यांनी विचारले, “कोणाची तक्रार आली आहे का?”

“ज्याची होती, तो वारला.”

“मग आता कोण मागतंय दुरुस्ती?”

“मी मागतोय. मथळा माझा होता.”

त्यांनी मजकूर दोनदा वाचला. पहिल्या पानाला नाही म्हणाले. तिसरे पान दिले, चौकटीत. मथळ्यातला एकही शब्द कमी करायचा नाही, अशी अट मी घातली. त्यांनी ती मान्य केली.

छापायच्या आदल्या दिवशी दुपारी वैशालीचा फोन आला. गच्चीवर वाळवलेल्या थरांपैकी पाच थर तिने राखीव भागातून मोजले होते. क्रमांक उघडल्यावर आम्ही दोघांनी फोनवर तुझ्या वहीशी ताडून पाहिले. चार थरांत तिवरांचे कण भरपूर निघाले. गवत वरच्या-खालच्या थरांइतकेच होते. पाचव्या थरात गवत थोडे जास्त होते.

“ते कशामुळे?”

“सांगता येत नाही,” ती म्हणाली. “अजून नमुने लागतील.”

“तसंच लिहितो.”

“हो. तसंच लिहा.” मग म्हणाली, “सरांना मी कधी चुकलेलं बघितलं नव्हतं. त्यांनी स्वतःच पकडली ना चूक?”

“त्यांनीच पकडली. गच्चीवर पट्टी ठेवून.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली. तिने फोन ठेवला.

दुरुस्ती अशी छापून आली:

‘खाडीकाठच्या जुन्या वनस्पतींविषयीच्या बातमीच्या मथळ्यातून आणि पहिल्या परिच्छेदातून संशोधकाने लिहिलेला शक्यतेचा उल्लेख या वर्तमानपत्राने काढून टाकला होता. ती आमची चूक आहे. नंतर संशोधकाला स्वतःच्या नमुन्यांत पणदरे येथील उसाच्या तुऱ्याचे परागकण मिसळल्याची शंका आली आणि त्याने दुरुस्ती मागितली. ती आम्ही तेव्हा छापली नाही. राखीव नमुन्यांच्या फेरमोजणीत पाचपैकी चार थरांमध्ये तिवरांच्या जागी गवत असल्याचा पुरावा मिळालेला नाही. पाचव्या थराविषयी निष्कर्ष काढता आलेला नाही. संशोधकाचे निधन झाले आहे.’

अंकाच्या वीस प्रती मी एसटीच्या पार्सलने रघुभाऊकडे पाठवल्या. एक प्रत पणदऱ्याला नेऊन दिली, वह्यांबरोबर. रशीदभाई ओट्यावर होते. त्यांनी चौकट उभ्यानेच वाचली. “त्यानं स्वतःच मागितली व्हती, आसं लिवलंय तुमी,” ते म्हणाले. मी हो म्हणालो. त्यांनी अंकाची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. भाभींनी चहा ठेवला.

सव्वीस जानेवारीला मी रघुभाऊच्या गावी गेलो. सभा शाळेच्या व्हरांड्यात झेंडावंदनानंतर भरली. ठराव मांडणाऱ्याच्या हातात तुझी जुनी बातमी होती. रघुभाऊ उभा राहिला आणि त्याने दुरुस्ती सगळी वाचून दाखवली. मागून कोणीतरी म्हणाले, “म्हणजे तो सायबच चुकला होता होय?”

“चुकला होता,” रघुभाऊ म्हणाला. “आणि त्यानंच कळवलंन. तू कधी कळवलंस का रे?”

माणसे हसली. तासभर वाद झाला. ठराव मांडणाऱ्याने विचारले की पाचव्या थराचे काय. ग्रामसेवकाने मला बोलायला सांगितले. मी सांगितले, पाचव्या थराचे अजून माहीत नाही.

ठराव मताला टाकला गेला नाही. फेरमोजणीचा पूर्ण अहवाल येईपर्यंत विषय तहकूब केल्याची नोंद इतिवृत्तात आहे. इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत मी पाहिली. वैशालीने उरलेल्या थरांची मोजणी या सोमवारी सुरू केली. बुधवारी दुपारी भरतीच्या वेळी रघुभाऊने होडी खाजणात नेली आणि फोटो पाठवला. तिवरे उभी आहेत.